आधीची तारीख: वर्षाचं कॅलेंडर मांडायचं कसं

कुठल्याही मराठी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर जवळ जाऊन वाचा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं कालनिर्णय असो नाहीतर दुसरं कुठलं, चौकोनांत बॉलपेनाने लिहिलेला मजकूर सगळीकडे सारखाच. ‘दूध नाही’. ‘मावशी सुट्टी’. ‘सिलेंडर लावला’. ‘इस्त्री ११’. महिनाअखेरीला दूधवाल्याशी हिशेब करताना हे खाडे कामाला येतात, त्यात वाद नाही. पण हे सगळं होऊन गेलेलं. पुढच्या महिन्याचं पान उलटलंत तर ते जवळजवळ कोरं. फार तर कुणाचं तरी लग्न आणि मुलांच्या परीक्षेभोवती लाल गोल.

हा लेख त्या कोऱ्या पानांविषयी आहे. पहिली नोकरी लागून परगावी खोली घेतलेली मुलंमुली, नुकतं घर मांडलेली जोडपी, थोडक्यात ज्यांच्या घरच्या तारखा आजवर आई-बाबा लक्षात ठेवत होते, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. सांगायची मुख्य गोष्ट एवढीच की काम ज्या दिवशी ‘आहे’ तो दिवस लिहून अर्धंच काम होतं. ते ज्या दिवशी हातात घ्यायला हवं, ती आधीची तारीख लिहायची.

पहिली पायरी: आधी कॅलेंडरं कमी करा

बहुतेकांकडे चार-पाच कॅलेंडरं असतात. भिंतीवरचं, फोनमधलं, ऑफिसच्या मेलमधलं, कुणीतरी भेट दिलेली डायरी, फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. दोनच ठेवा: भिंतीवरचं आणि फोनमधलं. डायरी कवितांसाठी किंवा हिशेबासाठी वापरा, तारखांसाठी नको.

दोघांची कामं वेगळी. भिंतीवरचं सगळ्या घराला दिसतं, त्यावर तिथी, सण, सुट्ट्या छापलेल्या असतात आणि वीज गेली तरी ते चालू असतं. फोनमधलं आठवण करून देतं, भिंतीवरचं देत नाही. म्हणून घरातल्या एकाहून जास्त माणसांना लागू होणारी कुठलीही गोष्ट दोन्हीकडे लिहा, फक्त तुमची असेल तर फोनमध्ये पुरे. ऑफिसच्या मीटिंगा इकडे उतरवत बसू नका. अपवाद दोनच: संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारं काम आणि गावाबाहेरचा दौरा. त्या दिवशी मुलाला पाळणाघरातून कोण आणणार, हा घरचा प्रश्न असतो.

दुसरी पायरी: वर्षाचा सांगाडा

यासाठी एक सबंध दुपार काढा. जानेवारीची वाट बघायची गरज नाही, आजपासून पुढचे बारा महिने धरा. पेन्सिलने लिहा.

आधी न हलणाऱ्या तारखा. घरचे सण, शाळेच्या परीक्षा आणि सुट्ट्या, जवळच्यांची लग्नं, वाढदिवस, श्राद्धाच्या तिथी. इथे नवख्यांची एक गल्लत हमखास होते. ते गेल्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज बांधतात. आपलं चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं, त्यामुळे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. मग अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणून गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. २०२७ मध्ये ती पुन्हा अलीकडे, ४ सप्टेंबरला. सूर्यावर चालणारी संक्रांत तेवढी १४-१५ जानेवारी सोडत नाही.

अधिक महिन्याचा परिणाम फक्त सणांवर होत नाही. त्या महिन्यात लग्नं टाळतात. २०२६ची मे महिन्याची सुट्टी धरून लग्न काढणाऱ्यांना १६ तारखेपर्यंतचेच दिवस मिळतात, आणि मग सगळ्यांची धाव त्याच कार्यालयांकडे. पुढे २५ जुलैला आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास. घरात लग्न ठरायच्या बेतात असेल तर मुलगा-मुलगी बघून झाल्यावर नव्हे, त्याआधीच एकदा वर्षाचं पंचांग उघडून बसावं.

तिथीने येणाऱ्या गोष्टी फोनला कळत नाहीत. ‘दर वर्षी’ असं टाकलंत तर तो इंग्रजी तारीखच धरतो, आणि आजोबांचं श्राद्ध दुसऱ्याच तिथीला दाखवतो. या नोंदी वर्षातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवरून हाताने उतरवून घ्याव्या लागतात. तिथी दोन दिवसांत विभागली असेल तर गुरुजींना एक फोन करा.

सुट्ट्यांचे वारही याच बैठकीत बघा. २०२६ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही शुक्रवारी आहेत, म्हणजे तीन दिवस सलग. १५ ऑगस्ट शनिवारी, तो ज्यांची शनिवारी सुट्टी असते त्यांच्या दृष्टीने फुकट गेला. रजेचा अर्ज टेबलावर पहिला कुणाचा पडतो, यावर बरंच अवलंबून असतं.

दुसरा गट पैशाच्या आणि सरकारी तारखांचा. कंटाळवाणा आहे, पण एकदाच लिहायचा आहे: विम्याचे हप्ते, गाडीचा विमा, पीयूसी, मालमत्ता कर, शाळेची फी, पगारदारांचं आयकर विवरणपत्र भरायची ३१ जुलै, पगाराशिवाय दुसरी कमाई असेल तर अग्रिम कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या चार तारखा. घरात निवृत्तिवेतन घेणारं कुणी असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. पासपोर्टवरची शेवटची तारीख जशीच्या तशी लिहू नका, तिच्याआधी नऊ-दहा महिने लिहा. अनेक देश निदान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत.

भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकराराकडे नीट लक्ष द्यावं. आपल्याकडे करार बहुधा अकरा महिन्यांचा. १ जूनला सुरू झालेला ३० एप्रिलला संपतो, पुढचा ३१ मार्चला. ही तारीख दर वर्षी एक महिना अलीकडे येते, त्यामुळे ‘आपला करार जूनमध्ये असतो’ हे डोक्यात पक्कं बसलेली माणसं नेमकी फसतात. संपायच्या अडीच महिने आधी एक ओळ लिहा: ‘मालकांशी बोलणं, वाढ किती?’ तेव्हा बोललात तर दुसरी जागा बघायला हातात वेळ असतो आणि तो वेळ आहे हे मालकालाही कळतं.

तिसरी पायरी: मागे मोजा

सगळा लेख या एका पायरीसाठी आहे.

कोकणातल्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा, गणपती कधी सुरू होतात. तो चतुर्थीची तारीख सांगणार नाही, आरक्षण उघडायची तारीख सांगेल. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, प्रवासाचा दिवस न धरता. आता कागद घ्या. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. मखर, बाजार, घरची साफसफाई बघता शनिवारी १२ तारखेला निघायला हवं. १२ सप्टेंबरपासून साठ दिवस मागे: सप्टेंबरचे १२, ऑगस्टचे ३१, झाले ४३, उरले १७. जुलैच्या ३१ मधून १७ गेले, राहिली १४ जुलै. मंगळवार. आरक्षण सकाळी आठला उघडतं आणि कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या काही मिनिटांत वेटिंगला जातात.

म्हणजे खरी नोंद १४ जुलैची. पण तिथेही थांबू नका, तिच्याही आधी काय लागतं ते विचारा. आरक्षण उघडल्यावरच्या सुरुवातीच्या वेळेत ऑनलाइन तिकीट आधार जोडलेल्या खात्यालाच मिळतं. खात्याचा पासवर्ड चालू आहे ना, प्रवाशांची नावं-वयं आधीच भरून ठेवली आहेत ना, हे सगळं सकाळी आठ वाजता बघायचं नसतं. आणि त्याहीआधी घरात ठरायला हवं की या वर्षी कोण कोण जाणार, काकाचं कुटुंब आपल्याबरोबर की वेगळं. तेव्हा कॅलेंडरवर तीन नोंदी झाल्या:

रविवार, २८ जून: गणपतीला कोण जाणार, परत कधी. काकाला फोन.
रविवार, ५ जुलै: रेल्वेचं खातं उघडून बघणे, आधार, नावं.
मंगळवार, १४ जुलै, सकाळी ७:४५: जायचं तिकीट. दोन फोनवर.

परतीच्या तिकिटाची तारीख याच पद्धतीने वेगळी काढायची, कारण ते परतीच्या दिवसापासून साठ दिवस आधी उघडतं. १४ तारखेला जायचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात परतीचं राहून जातं, आणि मग तात्काळवर भिस्त. तात्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला. गणपतीच्या दिवसांत त्यावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या नोंदी कशा लिहिल्यात तेही बघा. ‘गणपती’ असा एकच शब्द लिहिला तर तो वाचून काहीच करता येत नाही. प्रत्येक ओळीत करायचं काम आहे, कुणाला फोन ते आहे. त्या दिवशी दमलेल्या तुम्हाला विचार करायला न लावता कामाला लावेल, अशी ओळ हवी.

हीच रीत कशालाही लावा. विवरणपत्राची मुदत ३१ जुलै. नोकरी देणाऱ्याकडून फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, सहसा १५ जूनपर्यंत मिळतो. मग २० जूनला ‘फॉर्म १६ आला का? बँकेच्या व्याजाचे दाखले’, आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी ‘विवरणपत्र भरणे’. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ रडतं आणि तुमचा सीएसुद्धा.

दिवाळीचं उदाहरण मला जास्त आवडतं. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ब्लाउज, कुर्ते शिवून घ्यायचे तर कापड शिंप्याकडे कधी जायला हवं? घटस्थापना ११ ऑक्टोबरला. नवरात्र सुरू झालं की शिंपी ‘दिवाळीनंतर या’ म्हणायला लागतात. त्याच्या आधीचा पंधरवडा, २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, पितृपक्षाचा. त्यात बरेच लोक नवी खरेदी करत नाहीत, म्हणून शिंप्याच्या दुकानात तेव्हा उसंत असते. तुमच्याकडेही पाळत असतील तर कापड गणपतीच्या आधी घेऊन ठेवा आणि पितृपक्षात फक्त टाकायला जा. एवढं गणित जमलं की दिवाळीच्या आदल्या रात्री दुकानाच्या पायरीवर बसून काजं-बटणं लावून घ्यायची वेळ येत नाही.

चौथी पायरी: फोनला कामाला लावणं

फोनमधलं कॅलेंडर नोंद केल्यावर आपणहून जी आठवण ठेवतं ती दहा मिनिटं किंवा अर्धा तास आधीची. डॉक्टरांच्या वेळेला ती ठीक. विम्याच्या हप्त्याला काय उपयोग? मोठ्या कामाला दोन आठवणी लावा, एक आठवडा आधी आणि एक त्या दिवशी सकाळी. रोजच्या कामांना एकही लावू नका. दिवसभर वाजणाऱ्या फोनकडे माणूस चार दिवसांत दुर्लक्ष करायला शिकतो, आणि मग महत्त्वाची आठवणही त्यातच जाते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांना ‘पुनरावृत्ती’ लावताना एक खाचखळगा आहे. महिन्याच्या ३१ तारखेला काहीतरी लावलंत तर ज्या महिन्याला ३१ नाही तो महिना बऱ्याचदा वगळला जातो. भाडं, हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स यांची नोंद २८ किंवा त्याआधीच्या तारखेला करा. ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ अशीही पुनरावृत्ती लावता येते, रक्तदाब तपासण्यासारख्या कामांना ती बरी.

जोडीदाराबरोबर एक सामाईक कॅलेंडर उघडा आणि त्याला ‘घर’ असं साधं नाव द्या. रंग दोन-तीनच: घर, नोकरी, पैसे. दहा रंगांची रांगोळी पहिल्या आठवड्यात छान दिसते, मग कुठला रंग कशाचा ते आठवण्यातच वेळ जातो.

पाचवी पायरी: रविवारची वीस मिनिटं

वर्षाचा सांगाडा तयार असला तरी आठवडा वेगळा भरावा लागतो. रविवारी संध्याकाळी, जेवणाआधी, दोघांनी भिंतीसमोर उभं राहून पुढचे सात दिवस बघा.

यावेळी कामाचा वार तपासायचा. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तहसील कचेरीतलं काम शनिवारी होणार नाही, त्यासाठी अर्धी रजाच लागेल. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार, त्या दिवशी धुण्याचा आणि पाहुण्यांचा बेत नको. मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे डोंबिवलीहून दादरला साखरपुड्याला जायचं तर आदल्या दिवशी ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून निघायची वेळ ठरवा.

आणि प्रवासाचा वेळ लिहा. ‘संध्याकाळी ७, दंतवैद्य’ अशी नोंद असेल आणि दवाखाना पाऊण तासावर असेल तर ती नोंद सव्वासहाची आहे. फोनमध्ये ती जागा अडवून ठेवली नाही तर ऑफिसातलं कुणीतरी तिथे हमखास मीटिंग टाकतं.

तासातासाचे आखीव तक्ते मात्र मी कुणाला सुचवत नाही. आपल्या घरांत बेल वाजते, शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला येऊन अर्धा तास बसतात, गावाहून कुणीतरी ‘इथेच आलो होतो’ म्हणून उतरतं. सकाळी सहा ते रात्री अकरा भरून टाकलेला दिवस दुपारपर्यंत मोडतो आणि मग सगळं कॅलेंडरच खोटं वाटायला लागतं. दिवसाला नेमकी दोन-तीन कामं लिहा. आठवड्यातली एक संध्याकाळ रेघ मारून रिकामी ठेवा. जुलै-ऑगस्टात तर शहराच्या दोन टोकांची कामं एका दिवसात घेऊच नका, एका पावसात दोन्ही बुडतात.

सहावी पायरी: राहिलेलं काम

राहिलेल्या कामाची नोंद पुसू नका, बाणाने पुढे न्या. तीनदा पुढे गेलं तर थांबून विचार करा. एकतर ते फार मोठं आहे आणि त्याचे तुकडे करायला हवेत (‘माळा आवरणे’ याऐवजी ‘माळ्यावरची जुनी पुस्तकं काढणे’), नाहीतर ते तुम्हाला करायचंच नाही. दुसरं कारण असेल तर खुशाल काट मारा.

वर्ष संपल्यावर जुनं कॅलेंडर लगेच रद्दीत देऊ नका. ज्या नोंदींना सुरुवातीला मी होऊन गेलेल्या म्हटलं, त्याच आता पुढचं सांगतात. दोन ‘सिलेंडर लावला’मधले दिवस मोजा. समजा तुमच्या घरी १४.२ किलोचा सिलेंडर ३८-४० दिवस जातो, तर नवा लावल्यावर तिसाव्या दिवशी ‘नंबर लावणे’ लिहून ठेवता येतं. मावशी दर वर्षी गावच्या जत्रेला कधी जातात, पाण्याच्या फिल्टरची कँडल कधी बदलली, एसीची सफाई कधी केली, हे सगळं त्या पानांवर आहे. नव्या कॅलेंडरवर ते उतरवायला तासभर पुरतो.

परदेशात असाल तर

तिथी सूर्योदयावर ठरते, त्यामुळे अमेरिकेत सण कधी कधी भारतातल्या तारखेच्या आदल्या दिवशी येतो. भारतात छापलेल्या कॅलेंडरवर विसंबण्यापेक्षा आपल्या शहराचं पंचांग बघा. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम मात्र बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी असतो, तो वेगळा लिहा. आणि घरी करायच्या फोनची नोंद भारतीय वेळेत टाका. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरात, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीला घड्याळं तासाने सरकतात, भारतात सरकत नाहीत. नोंद करताना ‘वेळ क्षेत्र’ म्हणून भारत निवडलंत की बाबांचा रविवारचा सकाळी दहाचा फोन त्यांच्या दृष्टीने दहालाच राहतो, तुमच्याकडे तो तासभर मागेपुढे होतो.